दसरा ते संक्रांत: सणासुदीत मन सांभाळायचं कसं

चार वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेअकराला मी गॅससमोर उभी राहून रडले. कारण काय, तर चकली. कढईत सोडली की सुटायची आणि तेलावर नुसता चुरा तरंगायचा. मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, जास्त पडलं होतं, एवढंच. मूठभर कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळली असती तर निभावलं असतं, आणि हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. पण त्या रात्री ते सुचलं नाही. बँकेतून घरी यायला आठ वाजले होते, जिन्यात कंदिलाची वायर तशीच लोंबत होती, आणि सासूबाईंचं वर्षश्राद्ध होऊन दीड महिना झाला होता. नवरा दारात येऊन म्हणाला, "अगं, विकतची आणू का?" त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी डॉक्टर नाही, काउंटरवर बसणारी बाई आहे. त्या दिवाळीनंतर दोन-अडीच महिने एका समुपदेशक बाईंकडे जात होते. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: ऐन सणात माणसाला नवे निर्णय घेता येत नाहीत. थकलेलं डोकं जुन्याच वाटेने जातं, म्हणजे 'दरवर्षी करतो तसंच, तेवढंच'. म्हणून काय करायचं, काय सोडायचं, कोणाशी काय बोलायचं हे आधी ठरवायचं, शांतपणे बसून, कागदावर. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे. दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, पण गणपती किंवा नाताळ असला तरी फारसा फरक पडू नये.

आधी वही

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. त्यातला पहिला रविवार वहीचा. शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलेली यादी फक्त आपल्यालाच दिसते. वही फ्रिजवर ठेवता येते आणि ती सगळ्यांना दिसते. तीन पानं आखा: कामं, पैसे, माणसं.

कामांच्या पानावर बारीकसारीक सगळं लिहा. 'दिवाळीची तयारी' असं मोघम नको. 'माळ्यावरून कंदील काढणे', 'माळ लावून बघणे, पेटते का', 'बोहारणीचे कपडे वेगळे करणे', 'उटणं', 'पणत्या धुणे', 'वॉचमनची दिवाळी', 'आत्यांना फोन'. माझ्या पहिल्या यादीत एकसष्ट कामं निघाली. त्यातली अठ्ठेचाळीस माझ्या नावावर होती. यादी होईपर्यंत हे मलाच ठाऊक नव्हतं, घरातल्यांना कुठून असणार?

मग प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, नाव. ज्याचं नाव त्याने ते काम आठवण न करून देता करायचं. आठवण करून देणं हेही कामच आहे, आणि बहुतेक घरांत तेच सगळ्यात जास्त थकवतं. 'मी मदत करतो' हे वाक्य आमच्या वहीत चालत नाही. कंदील मुलाचा म्हणजे मुलाचा. तो धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता लावला तरी आपण बोलायचं नाही. हे बोलायला सोपं आहे. पहिल्या वर्षी मी सहा वाजल्यापासून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते.

दुसरी गोष्ट, 'हे नाही केलं तर कोणाला कळेल?' उत्तर 'कोणालाच नाही' असेल तर काट मारा. अपवाद एकच: तुम्हाला ते करायला आवडतं. मला रांगोळी आवडते. ती मी रात्री बारा वाजता काढली तरी दमत नाही. माळा आवरायला आवडत नाही आणि पाहुणे काही माळ्यावर चढत नाहीत, म्हणून तो आता फेब्रुवारीत आवरते.

फराळाचा हिशेब

यावर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे बाईचा कस फराळात लागतो अशी एक समजूत अजून जिवंत आहे आणि तिचा त्रास खरा आहे. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, करंज्या, दोन प्रकारचे लाडू, अनारसे. पूर्वी हे एकत्र कुटुंबातल्या चार-पाच बायका मिळून करायच्या, दुपारी, गप्पा मारत. तोच बेत आज एकटी बाई रात्री नोकरीवरून येऊन करते आणि 'आईंना कसं जमायचं' म्हणून स्वतःला दोष देते. आईंना जमायचं कारण आई एकट्या नव्हत्या.

आमचा नियम असा: घरी दोनच जिन्नस, बाकी बाहेरून. दोन कोणते ते घरातल्यांनी मतं देऊन ठरवायचं. आमच्याकडे चिवडा आणि बेसनाचे लाडू आले. कोणीही अनारशांना मत दिलं नाही! तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात मळून मुरवा, खसखशीवर थापा आणि मग तो तुपात हसला, म्हणजे फुटून विरघळला, की संपलं, हे सगळं मी इतकी वर्षं कोणासाठी करत होते कोण जाणे. बाकीचं बचत गटाकडून किंवा घरगुती फराळ करणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून घ्या, पण ऑर्डर कोजागिरीच्या आसपास द्या. शेवटच्या आठवड्यात त्यांचीही तीच गत असते जी माझी त्या रात्री होती.

आणि जे घरी करायचं ते एका बैठकीत करायचं नाही. बेसन एका संध्याकाळी भाजून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पिठीसाखर घालून लाडू वळले, तर वळायला मुलंही बसतात.

पैशाचं पान

इथे मी माझ्या धंद्यातलं बोलते. धनत्रयोदशीला हौसेने घेतलेलं सोनं जानेवारीत तारण ठेवायला आलेले लोक मी पाहिले आहेत. चेहऱ्यावर कागदपत्रांच्या काळजीपेक्षा शरम जास्त असते. पैशाची चिंता आणि झोपेचं वाकडं असतं, हे वेगळं सांगायला नको.

तर बोनस हातात येण्याआधी आकडा लिहा. बोनस आल्यावर लिहिलेला आकडा नेहमी मोठा असतो. तो आकडा पाकिटांमध्ये वाटा: कपडे, फराळ, ओवाळणी, कामवाल्या मावशी आणि इतरांची दिवाळी, प्रवास. एक रिकामं पाकीट 'राहिलेलं' म्हणून ठेवा, कारण काहीतरी राहतंच. क्रेडिट कार्डाचं बिल आलं की 'किमान रक्कम' भरून सुटलो असं वाटतं; उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डं महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या पुढेमागे व्याज लावतात, वर्षाचे चाळीसच्या घरात जातात, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. सेलमध्ये वाचवलेले दोन हजार इथेच जातात.

आकडा लहान असेल तर मुलांना आधी सांगा. 'या वर्षी फटाक्यांचे पाचशे, काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा' हे मुलं पटकन स्वीकारतात. दुकानात उभं राहून 'नाही' म्हटलेलं त्यांना लागतं, आणि आपल्यालाही.

माणसांचं पान, म्हणजे खरं काम

कामं आणि पैसे आवरता येतात. सणात मन जातं ते माणसांपाशी. या पानावर ज्यांना भेटणार त्यांची नावं लिहा आणि प्रत्येक नाव लिहिताना पोटात काय होतं ते बघा. गोळा आला तर पुढे फुली. फुली म्हणजे भेटायचं नाही असं नव्हे, तयारी करून भेटायचं.

तयारीचा सगळ्यात सोपा भाग म्हणजे वेळ. 'संध्याकाळी येतो' म्हटलं की रात्रीचे अकरा वाजतात. 'पाच ते साडेसहा येतोय, पुढे डोंबिवलीला जायचंय' असं आधीच फोनवर सांगायचं. मग उठताना कारण शोधावं लागत नाही.

नको ते प्रश्न विचारणाऱ्यांसाठी उत्तर आधी पाठ करून ठेवा. 'पेढे कधी?', 'पाळणा कधी हलणार?', 'पॅकेज किती?', 'अगं किती सुटलीस!' यांवर ऐनवेळी सुचत नाही, आणि मग रात्री अंथरुणात सगळी चोख उत्तरं सुचतात. छोटं, गोड आणि विषय संपवणारं वाक्य लागतं. माझ्या भाचीचं मला आवडतं: "काकू, ठरलं की पहिला फोन तुम्हाला. चिवडा कोणी केलाय?" मूल होत नसलेल्या जोडप्याने तर आपसात एक खूण ठरवावी, एकाने पाणी मागितलं की दुसऱ्याने विषय बदलायचा किंवा निघायचं म्हणायचं. उपचार चालू असताना दिवाळीच्या पंगतीत एकट्या बाईने ते सगळं झेलायचं, हे फार होतं.

आता भाऊबीज. हा दिवस दिसतो तेवढा गोड सगळ्या घरांत नसतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मतः आहे, हे कायद्याने झालं. मनाने व्हायचं अजून बऱ्याच ठिकाणी बाकी आहे. ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं, आणि चहाबरोबर हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला, असं घडतं. बहीण सही करते कारण सणाच्या दिवशी तोंड कसं कडू करायचं, आणि पुढची पाच वर्षं कुढत राहते. किंवा करत नाही आणि माहेर तुटतं. यावर माझा नियम कडक आहे: वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत वाटणी, सही, उसने पैसे, कोणाचं लग्न, आईला कोणी ठेवायचं हे विषय बंद. दोन्हीकडच्यांना हे आधीच कळवायचं. तरी कोणी काढलाच तर, "दादा, हे आपण पौर्णिमेनंतरच्या रविवारी बसून बोलू, मी वकिलाला दाखवून येते. आज ताट वाढू दे." आवाज चढवायचा नाही, कागद हातात घ्यायचा नाही. घेतला की वाचावा लागतो.

आणि नातं खरंच तुटलेलं असेल, जाणं जिवावर येत असेल, तर जाऊ नका. आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत भाऊबीज चालते, तुळशीची लग्नं होईपर्यंत फराळाला बोलावणी चालू असतात. मध्ये पंधरा दिवस आहेत. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणजे सोय परंपरेतच आहे.

ज्या घरात कोणी गेलंय

पहिल्या वर्षी एक सवलत असते. वर्षभर सण नाही, कंदील नाही, फराळ तळायचा नाही. नातेवाईक पहिल्या सणाला येतात, गोडाचा घास भरवतात, कोणी जबरदस्तीने हसायला सांगत नाही. समाजाने शोकाला दिलेली ही जागा मला शहाणपणाची वाटते. अडचण दुसऱ्या वर्षी येते. वर्षश्राद्ध झालं की सगळ्यांच्या लेखी शोक संपला. 'आता दणक्यात करू दिवाळी!' आणि आपल्याला तर कालच गेल्यासारखं वाटतंय. माझी चकली मोडली ती याच वर्षी.

तुमच्या ओळखीत अशी दुसऱ्या वर्षाची दिवाळी कोणाकडे असेल तर फोन करा, नाव घेऊन बोला. 'काकूंच्या हातच्या कडबोळ्यांची आज आठवण झाली' एवढं पुरतं. आपण आठवण काढल्याने त्यांना दुःख होईल असं वाटून लोक टाळतात; ते दुःख तिथेच असतं, उलट कोणी नाव घेत नाही याचा त्रास होतो. आणि तुमच्याच घरी असेल तर एक जागा ठरवा, जिथे त्या माणसाला सणात सामावून घेता येईल. आम्ही अभ्यंगस्नानाला सासूबाईंच्या पितळी वाटीत उटणं कालवतो. तेवढी पाच मिनिटं कोणी रडलं तरी चालतं. बाकी दिवस मग हलका जातो.

यातच एक दुखरी गोष्ट. पाडव्याच्या ओवाळणीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बाईला आजही बाजूला बसवतात, किंवा ती स्वतःच आतल्या खोलीत जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव गावात होतो, पण कुंकवाची कोयरी घेऊन कोणापुढे जायचं हे आपण आपल्या बैठकीच्या खोलीत ठरवतो. आधी तिला एकटीला विचारा, 'लावू का?' चारचौघांत अचानक कोयरी पुढे करणं हासुद्धा तिच्यावर प्रसंगच असतो.

झोप, गोळ्या, आवाज

हे थोडक्यात, पण टाळू नका.

ज्यांना मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू आहेत त्यांनी वसुबारसेच्या आधी निदान पंधरा दिवसांच्या घरात आणून ठेवाव्यात. डॉक्टर सुट्टीवर जातात, दुकानं बंद असतात, आणि यातल्या काही गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाकडे ठेवा. 'आता बरं वाटतंय, सणात कशाला' म्हणून स्वतःहून बंद करू नका. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर त्याचाच वेगळा त्रास होतो.

मार्गशीर्षातले गुरुवार, एकादश्या करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. विशेषतः लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी) चालू असेल तर पाणी कमी पडल्याने रक्तातलं त्याचं प्रमाण वाढून ते विषारी ठरू शकतं. निर्जळी उपास तर नकोच. देव समजून घेईल, किडनी घेणार नाही.

द्विध्रुवीय (बायपोलर) आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत झोप हे औषधाइतकंच महत्त्वाचं. पहाटे चारला अभ्यंगस्नान, रात्री दोनपर्यंत पत्ते, असं तीन-चार दिवस चाललं तर उन्मादाची अवस्था सुरू व्हायला तेवढं निमित्त पुरतं. त्याला सहाला उठवा, नरकात जाणार नाही. अंघोळ झाल्याशी कारण. अचानक झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बोलणं-खर्च सुसाट सुटला तर 'सणाचा उत्साह' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

फटाक्यांचा आवाज स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना, काही मुलांना, जुन्या आघातातून गेलेल्या माणसांना सहन होत नाही. रस्त्यापासून लांबची खोली आधी बघून ठेवा, खिडक्या बंद, पंखा मोठा, त्यांच्या ओळखीचे अभंग चालू, दिवा लावलेला, आणि शेजारी कोणीतरी. रात्री १० ते सकाळी ६ मोठ्या आवाजाला नियमाने मनाई आहे. विनंती करून ऐकलं नाही तर ११२ वर पोलिसांना सांगता येतं. पण सोसायटीच्या ग्रुपवर दसऱ्यालाच एक साधा निरोप टाकला, 'आमच्याकडे आजोबांना त्रास होतो, बी विंगपासून जरा लांब लावाल का', तर निम्मी मुलं ऐकतात. माझा अनुभव मुलांबद्दलचा आहे. बापांचं सांगत नाही.

एकटे असाल तर

मुलं न्यू जर्सीत, इथे दोघंच. किंवा रजा न मिळालेली नर्स, एसटीचा वाहक, हिंजवडीत खोली घेऊन राहिलेला पोरगा. एकटेपणा सगळ्यात जास्त टोचतो तो लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साधारण सात ते नऊ, कारण तेव्हा सगळ्यांची दारं उघडी आणि आपलं एकट्याचं. म्हणून त्या दोन तासांचं काहीतरी आधी ठरवून ठेवा. शेजाऱ्यांना स्वतःहून सांगा, 'आम्ही पूजेला तुमच्याकडे येऊ का?' बोलावण्याची वाट बघत बसू नका. लोक गडबडीत असतात, त्यांच्या मनात काही नसतं. पूजेनंतर दिवाळी अंक घेऊन बसायचं असेल तर तोही बेतच आहे, मात्र अंक आधी आणलेला हवा.

परदेशातल्या मुलांशी व्हिडिओ कॉलची वेळ दोन्हीकडची बघून पक्की करा. आपली संध्याकाळ ही त्यांची ऑफिसला निघायची सकाळ असते, म्हणून तो फोन घाईत उरकतो आणि नंतर जास्तच रिकामं वाटतं. त्यापेक्षा त्यांच्या शनिवारी सकाळी, सावकाश.

आणि तिकडे असलेल्यांसाठी: डिसेंबरच्या मध्यावर लंडनला दिवस आठ तासांहूनही छोटा असतो, मुंबईत तेव्हा अकरा तासांच्या आसपास ऊन असतं. दर हिवाळ्यात झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, कशातच रस राहत नाही, असं होत असेल तर ती नुसती घरची आठवण नसेल. उजेडाच्या कमतरतेने येणारं नैराश्य असू शकतं. सकाळी उठल्यावर तासाभरात बाहेर चालून या. दहा हजार लक्सचा दिवा समोर ठेवून सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचारही करतात, पण डोळ्यांचा किंवा द्विध्रुवीय आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मदत कधी मागायची

सणात दमणं, चिडणं, एखाद्या रात्री रडणं हे चालायचंच. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टीतही जीव रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर दाखवायला हवं. दिवाळी संपायची वाट बघायची नाही.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा फोन करताना काय बोलायचं सुचत नाही, म्हणून एक वाक्य वहीत लिहून ठेवा. 'तीन आठवडे झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही' इतकं पुरतं, पुढचं ते विचारतात. प्रत्यक्ष जायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही असतो. केसपेपर काढून दाखवून घरी येता येतं. 'ठाण्याला नेलं' या शब्दांची भीती बाळगण्यात माझ्याच घरच्या एका माणसाची सहा वर्षं गेली.

कोणी 'मी नसलो तर बरं होईल', 'पुढच्या दिवाळीला मी नसेन' असं बोललं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर थेट विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर उपदेश नको, आईबापाची शपथ नको. एकटं सोडू नका, त्यांच्याबरोबर बसून १४४१६ लावा, जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२ किंवा सरळ जवळचं रुग्णालय. शेतावरच्या घरात फवारणीची औषधं कुलपात टाका किंवा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. सोयाबीनचे पैसे हाती आले नाहीत आणि दारात दिवाळी उभी आहे, अशा घरात हे आज करण्याचं काम आहे.

भाऊबीजेनंतरचा सोमवार, आणि ३१ डिसेंबर

पाहुणे गेले, डब्यात चिवड्यातला नुसता कढीपत्ता उरला, सकाळी लोकल. त्या दिवशी जे रितं वाटतं त्यावर उपाय छोटाच आहे: त्या आठवड्यात एक गोष्ट राखून ठेवा. आम्ही एखादं नाटक बघतो, गडकरी रंगायतनला, बाल्कनीतली तिकिटं. आणि रजा असेल तर अर्धा दिवस सणानंतरचा ठेवा, सणाआधीचा नको.

एकतीस डिसेंबरचं मला फारसं कौतुक नाही, तरी दोन गोष्टी. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील तर दारू अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. गोळ्या नसल्या तरी दारूने आलेली झोप तुटक असते आणि दुसऱ्या दिवशीची छातीतली धडधड बऱ्याचदा तिचीच असते. त्या रात्री मोबाइलवर दुसऱ्यांचं गोवा बघत बसण्यापेक्षा दहाला झोपलेलं काय वाईट? एक जानेवारी तुम्ही जागे नसलात तरी उजाडते.

संकल्पांचं म्हणाल, तर आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत. एक जानेवारीला ठरवलेलं चालणं संक्रांतीला बंद पडलं, तर मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडवा येतो. तेही हुकलं तर अक्षय्य तृतीया, मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा अर्धा. वर्षात पाच वेळा नव्याने सुरुवात करायची सोय असताना 'माझ्याने होतच नाही' म्हणून स्वतःला कोसायचं कारण नाही. संकल्प मात्र मोजता येईल असा आणि हास्यास्पद वाटेल इतका लहान करा. 'रोज व्यायाम' नको. 'जेवणानंतर कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाऊन येणे' चालेल.

वही परत काढा

संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की दिवाळीची वही काढायची. दोन-तीन महिन्यांत राग ओसरलेला असतो पण तपशील लक्षात असतात. दसऱ्यापर्यंत थांबलात तर सगळं विसरून पुन्हा अनारसे घालाल. तीन ओळी पुरतात: काय जड गेलं, काय केलं नाही तरी चाललं, पुढच्या वेळी काय. गेल्या संक्रांतीला माझ्या पानावर लिहिलंय:

'आत्यांकडे पाडव्याला नको, तुळशीच्या लग्नाला जावं, तेव्हा त्यांनाही वेळ असतो. ओवाळणीचं पाकीट कमी पडलं, पाचशे वाढवणे. बेसन नवऱ्याने भाजलं, जरा करपलं, लाडू सगळ्यात आधी तेच संपले. चकली विकतची. सासूबाईंना आवडली नसती.'